रा. रा. हिरेधारक यांसी

रा. रा. अज्ञात हिरेधारक,
मु. पो. ब्रूम अथवा असाल तिथे, पश्चिम ऑस्ट्रेलिया, यांसी

स. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला हे खरं, पण आपल्याइतका नाही. आपल्याकडे जो माल आहे तो मार्च १९४२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका बँकेत पोचता व्हायचा होता. तो अजून वाटेतच आहे. आपण हयात असाल तर शंभरी कधीच ओलांडली असेल, तेव्हा तब्येतीला जपावं. नसाल तर हे पत्र आपल्या वारसांनी वाचावं. वारस असतीलच. हिऱ्यांना वारस मिळाला नाही असं मी तरी कधी ऐकलेलं नाही.

नाव ठाऊक नसल्यामुळे 'हिरेधारक' म्हणते. 'चोर' म्हणायला जीभ रेटत नाही, कारण कोर्टानं कुणालाच चोर ठरवलेलं नाही. शिवाय आपले आमच्यावर उपकार आहेत. कोणते, ते ओघात येईलच. आधी इथल्या वाचकांना आपली ओळख करून देते. प्रमुख पाहुण्यांची ओळख करून द्यायला जरा वेळ लागतोच, तेवढा सोसावा.

ब्रूम म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या वायव्येला, हिंद महासागराच्या काठचं मोत्यांचं गाव. मोती हा तसा वरकड फायदा. खरा धंदा शिंपल्यांचा, कारण जगभरच्या सदऱ्यांची बटणं त्या शिंपल्यांतून निघायची. शिंपले काढायला पाणबुडे यायचे ते मुख्यतः जपानहून. त्यांतले पुष्कळ परत गेलेच नाहीत. गावातल्या जपानी दफनभूमीत नऊशेहून अधिक माणसं झोपली आहेत. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरलं, तशी गावातल्या हयात जपान्यांची रवानगी छावण्यांत झाली. मेलेल्यांना कुणी हलवलं नाही. म्हणजे जपानी विमानं ब्रूमवर आली तेव्हा खाली त्यांचीच नऊशे माणसं होती. विमानांनी गावाला विशेष धक्का लावला नाही. त्यांना विमानंच हवी होती, आणि ती उपसागरात ओळीनं मांडून ठेवलेली होती.

झालं होतं असं, की जावा बेट पडायच्या बेतात होतं. सिंगापूर पडून पंधरा दिवस उलटले होते. ८ मार्चला डचांनी जावात शरणागती पत्करली. त्याआधीच्या दिवसांत ज्यांना विमानात जागा मिळाली ते ब्रूमच्या वाटेनं निसटत होते. डच नौदलाच्या वैमानिकांनी बायकामुलांना पाण्यावर उतरणाऱ्या विमानांत, म्हणजे फ्लाइंग बोटींत घातलं आणि रात्रीच्या अंधारात समुद्र ओलांडला. २ मार्चला ब्रूमवर एक जपानी टेहळणी विमान घिरटी घालून गेलं. ३ मार्चच्या सकाळी तिथल्या रोबक उपसागरात पंधरा फ्लाइंग बोटी नांगरलेल्या होत्या.

आता तिथली भरती-ओहोटी सांगायला हवी. भर उधाणात पाण्याची पातळी नऊ-दहा मीटर चढते आणि तितकीच उतरते. कोकणात जन्म काढलेल्या माणसानंही तोंडात बोट घालावं असं हे प्रकरण. सुकतीला समुद्र पार लांब जातो आणि धक्का चिखलात उभा राहतो. त्यामुळे बोटी किनाऱ्यापासून दूर, पेट्रोल भरायला नंबर लावून थांबलेल्या. बायकामुलांना किनाऱ्यावर आणायची धड सोय नाही. गावात जागाही नव्हती. मग ती बोटींतच बसून राहिली. पेट्रोल भरून झालं की पुढे निघायचंच होतं.

साडेनवाच्या सुमारास टिमोरमधल्या कूपांगहून नऊ झीरो विमानं आली. नेतृत्व लेफ्टनंट झेन्जिरो मियानो याचं. बॉम्ब नव्हतेच, नुसत्या मशीनगन आणि तोफा. ब्रूमला ना विमानभेदी तोफ होती, ना उडू शकेल असं एक लढाऊ विमान. गुस विंकेल नावाच्या डच वैमानिकानं आपल्या विमानातून मशीनगन उपसून हातात धरली आणि तिच्या तापलेल्या नळीनं हात भाजत एक झीरो पाडलं. ब्रूमचं हवाई संरक्षण म्हणतात ते एवढंच. तासाभरात पंधराच्या पंधरा बोटी जळाल्या किंवा बुडाल्या. धावपट्टीवरची विमानंही गेली. जखमी सैनिकांना घेऊन नुकतंच उडालेलं एक अमेरिकन लिबरेटर समुद्रात कोसळलं. त्यात तीसहून अधिक माणसं होती. पोहत किनारा गाठून जगला तो एकटा सार्जंट. पाण्यावर पेट्रोल जळत होतं, त्यामुळे उडी मारली तरी आगीत आणि नाही मारली तरी आगीत. क्वांटास कंपनीचे कॅप्टन लेस्टर ब्रेन तापानं आजारी पडून हॉटेलात होते. ते धावत सुटले, सापडली ती होडी वल्हवत आत गेले आणि हाताला लागतील तेवढी माणसं काढली. चार्ल्स डी'अँटोइन या आदिवासी कामगारानं एका बाईला आणि मुलाला पोहत बाहेर आणलं.

मृत किमान ८८. हा आकडा लक्षात ठेवा. आपल्याला आकड्यांची आवड असेलच.

तर आता आपली एंट्री.

त्याच पहाटे, एकच्या सुमारास, जावातल्या बांडुंगहून 'पेलिकान' हे डीसी-३ जातीचं प्रवासी विमान ब्रूमकडे निघालं होतं. वैमानिक इवान स्मिर्नॉफ, जन्मानं रशियन, पहिल्या महायुद्धात नाव कमावलेला. विमान सुटायच्या वेळी कुणीतरी त्याच्या हातात एक पुडकं दिलं. सिगारच्या पेटीएवढं, तपकिरी कागदात बांधलेलं, लाखेची मोहर केलेलं. जपून न्या, ऑस्ट्रेलियात उतरल्यावर बँक ताब्यात घेईल, असं सांगितलं. आत काय आहे ते त्यानं विचारलं नाही आणि त्याला कुणी सांगितलंही नाही. आत बांडुंगच्या एका डच हिरेव्यापारी कंपनीचे हिरे होते. किंमत, तेव्हाच्या हिशेबानं, दीड ते तीन लाख पौंड.

ब्रूमवरून परतणाऱ्या झीरो विमानांतल्या काहींना हे विमान वाटेत सापडलं. स्मिर्नॉफला गोळ्या लागल्या, एक इंजीन पेटलं. तशा अवस्थेत त्यानं गिरक्या घेत विमान खाली आणलं आणि ब्रूमच्या उत्तरेला कार्नॉट उपसागराच्या काठच्या वाळूत उतरवलं. शेवटी ते लाटांत वळवून घातलं, त्यामुळे आग विझली. आत बारा माणसं होती. त्यांतली चौघं पुढच्या काही दिवसांत त्या वाळूवर मेली: विमानाचा मेकॅनिक, कंपनीचाच एक तरुण उमेदवार, मारिया व्हान टाउन नावाची तरुण आई आणि तिचा दीड वर्षाचा मुलगा योहानेस. दुसऱ्या दिवशी एका जपानी विमानानं येऊन वाचलेल्यांवर बॉम्ब टाकले, ते चुकले. बीगल बे इथल्या मिशनमधले आदिवासी आणि त्यांच्याबरोबरची मंडळी शोधत पोचली तेव्हा आठ जण जिवंत होते.

पुडकं आणायला एका प्रवाशाला विमानात धाडलं होतं. तो ते घेऊन उतरत असताना लाट आली, त्याचा तोल गेला आणि पुडकं पाण्यात पडलं. बाकीच्यांचं लक्ष तेव्हा पिण्याचं पाणी कुठून मिळेल याकडे होतं. पुडकं राहिलं.

काही आठवड्यांनी जॅक पाल्मर नावाचा किनाऱ्यांवरून भटकून मिळेल ते गोळा करणारा माणूस ब्रूममध्ये लष्करी अधिकाऱ्यापुढे हजर झाला. मला सैन्यात घ्या म्हणाला आणि हिरे काढून समोर ठेवले. सगळे मात्र नव्हते. पुढे काही एका चिनी व्यापाऱ्याकडे निघाले, काही आदिवासी वस्त्यांत, काही आगगाडीच्या डब्यात आगपेटीत, काही ब्रूममधल्या एका घराच्या शेकोटीत. मे १९४३ मध्ये पर्थच्या सर्वोच्च न्यायालयात पाल्मर आणि आणखी दोघांवर खटला चालला. स्मिर्नॉफ साक्षीला आला. ज्युरीनं तिघांनाही निर्दोष सोडलं. हाताला लागलेले हिरे साधारण वीस हजार पौंडांचे. बाकीचे आपल्याकडे.

झाली ओळख. आता उपकारांचं बोलू.

'पेलिकान'मधल्या बाराच्या बारा जणांबद्दल आज आम्हाला माहिती आहे. कोण कुठं बसलं होतं, कुणाला कुठं गोळी लागली, कोण कधी मेलं, पुडकं कुणाच्या हातून पडलं, सगळं. योहानेस दीड वर्षाचा होता हेसुद्धा. का माहिती आहे? कारण हिरे हरवले. हिऱ्यांसाठी पोलीस आले, गुप्तहेर आले, लष्कराचे अधिकारी आले, वकील आले. जबान्या झाल्या, त्यांवर सह्या झाल्या, त्या फायलींना लागल्या. हिऱ्यांच्या मागोमाग त्या मायलेकांची नावंही कागदावर चढली. पुढे पुस्तकं लिहिली गेली. ज्या किनाऱ्यावर हे घडलं त्याला स्मिर्नॉफ बीच म्हणतात. पाल्मर मेला तेव्हाही लोकांना हिरेच आठवले.

आणि त्याच सकाळी, तिथून ऐंशीएक किलोमीटरवर, रोबकच्या उपसागरात जी बायकामुलं जळाली, त्यांतल्या सगळ्यांची नावं आजही कुणाला सांगता येत नाहीत. किती होती तेही नेमकं सांगता येत नाही. त्यांच्याजवळ पुडकं नव्हतं ना! प्रत्येक पोराच्या गळ्यात एकेक कॅरेट बांधलं असतं, तर आज पूर्ण यादी असती. जन्मतारखेसकट.

यात आपला दोष काय, असं आपण म्हणाल. बरोबर आहे. आपण फक्त हिरे ठेवून घेतलेत. हिरे महत्त्वाचे आणि माणसं किरकोळ, हे काही आपण ठरवलं नाही. ते आधीच ठरलेलं होतं, तुम्ही फार तर त्याचा फायदा घेतलात. तरीही हे पत्र तुम्हालाच लिहिते आहे. ज्यांनी ठरवलं त्यांचा एकेकाचा पत्ता मिळत नाही, आणि मिळाला तरी तिथून उत्तर येतं ते 'आपला अर्ज संबंधित विभागाकडे पाठवण्यात आला आहे' असंच. तुमचं बरं आहे. तुम्ही उत्तरच देत नाही.

अशा हल्ल्यातल्या मृतांचा माग काढणं म्हणजे काय काम असतं, याची आपल्याला कल्पना नसेल. विमानांपासून सुरुवात करावी लागते, कारण विमानांना क्रमांक असतात. डच नौदलाची पाच डॉर्निअर होती: एक्स-१, एक्स-३, एक्स-२०, एक्स-२३, एक्स-२८. चार कॅटालिना: वाय-५९, वाय-६०, वाय-६७, वाय-७०. त्याशिवाय दोन कॅटालिना ब्रिटिशांच्या, दोन अमेरिकनांच्या, आणि दोन मोठ्या एम्पायर बोटी, 'कोरिना' आणि 'सेंटॉरस'. बेरीज करून पाहा, पंधरा भरतात. एकही बोट बेपत्ता नाही. काहींचे सांगाडे अजून उपसागराच्या चिखलात आहेत. मोठ्या ओहोटीला वर येतात. इंजिनांवर कालवं बसलेली, पंख्याची पाती वाकलेली. पर्यटक चिखल तुडवत जवळ जातात, फोटो काढतात. हात लावायचा नाही, कायद्यानं संरक्षण आहे. संग्रहालयाच्या लोकांनी येऊन कुठला सांगाडा कुठल्या जातीच्या बोटीचा, ते तपासून ठेवलं आहे. पत्र्याची ओळख पटवायला माणसं पाण्यात उतरली, ही चांगलीच गोष्ट आहे. मी नावं ठेवत नाही.

बोटीनंतर चालक दल. ते लष्करातले, म्हणजे हुद्दा आहे, नंबर आहे, पगाराचं पुस्तक आहे. मेले तर कुठंतरी पगार थांबतो आणि नोंद होते. पण बोटीत बसलेली बायकामुलं? त्यांच्यापाशी यायचं तर नवऱ्याच्या नावावरून यावं लागतं. अमुक वैमानिकाची बायको जावात होती, १९४५ नंतर कुठल्याच कागदात दिसत नाही, मग ती त्या बोटीत होती का? होती तर मुलं किती होती? वैमानिकच मेला असेल तर सांगणार कोण? आमच्याकडे एसटीचा कंडक्टर आडगावच्या फाट्यावर गाडी थांबली तरी वेबिल भरतो, किती चढले, किती उतरले. जावाहून निघालेल्या त्या बोटींचं वेबिल बहुतेक वेळा भरलंच गेलं नाही. पळापळीत कोण भरणार? आणि ज्या बोटीत काही कागद असलेच, ती बोटच जळाली.

मग शोधणारी माणसं उलट्या बाजूनं येतात. वाचलेल्यांनी पुढे नातेवाइकांना लिहिलेली पत्रं. दफनाच्या वह्या. युद्धानंतर डच वर्तमानपत्रांत आलेल्या चार ओळींच्या शोकजाहिराती, बहुतेक मृत्यूनंतर तीन-साडेतीन वर्षांनी छापलेल्या. डच वर्तमानपत्रांच्या 'डेल्फर' आणि ऑस्ट्रेलियन वर्तमानपत्रांच्या 'ट्रोव्ह' या संग्रहांमुळे हे आता घरबसल्या करता येतं. पण मूळ छापलं गेलं असेल तरच सापडणार. युद्धकाळात सेन्सॉर बसलेला. डार्विनवर १९ फेब्रुवारीला मोठा हल्ला झाला तेव्हा सरकारनं आधी १७ मेले म्हणून सांगितलं. न्यायमूर्ती लो यांच्या चौकशीत २४३ जणांची ओळख पटली आणि एकूण आकडा अडीचशेच्या घरात असावा असं ठरलं. तो अहवालही युद्ध संपेपर्यंत बाहेर येऊ दिला नाही. डार्विनच्या वाट्याला न्यायमूर्ती तरी आले. ब्रूमच्या वाट्याला न्यायालय आलं, ते आपल्या कृपेनं, हिऱ्यांसाठी.

आणखी एक अडचण आहे, आणि माझ्या मते हीच खरी. माणूस हरवला की कुणीतरी विचारावं लागतं. विचारणाऱ्याशिवाय फाइल उघडत नाही, हे आमच्याकडच्या कुठल्याही कचेरीत जाऊन आलेल्याला सांगायला नको. या बायकामुलांबद्दल विचारणार कोण होतं? पाच दिवसांनी जावा पडलं आणि मागे राहिलेले आईबाप, भावंडं, शेजारी जपानी छावण्यांत गेले, ते १९४५ पर्यंत. हॉलंडमधलं माहेर-सासर मे १९४० पासून जर्मनांच्या टाचेखाली. डच सरकार लंडनमध्ये. छावण्या उघडल्या तोवर इंडोनेशियानं स्वातंत्र्य जाहीर केलं होतं. १९४९ मध्ये सत्तांतर झालं आणि त्या वसाहतीतली डच माणसं, कागदपत्रं, घरं, सगळं उठून दुसऱ्या खंडात गेलं. एवढ्या उलथापालथीत कुणी ब्रूमला पत्र पाठवून विचारायचं, की बाबांनो, ३ मार्चला आमची एक बाई आणि दोन मुलं तुमच्या खाडीत होती का?

हिऱ्यांबद्दल विचारणारे मात्र पहिल्या दिवसापासून होते. मालक होता, बँक होती, सरकार होतं. मालकाला हिऱ्यांचं वजन ठाऊक होतं. दाव्याला वजन लागतंच.

किनाऱ्यावर मिळालेली प्रेतं ब्रूमलाच पुरली. सगळ्यांची ओळख पटलेली नव्हती. १९५० मध्ये डच मृतांना उकरून पर्थला कॅराकाटाच्या दफनभूमीत नेलं. ज्यांना नाव नव्हतं ते दीड-दोन हजार किलोमीटरचा प्रवास करून गेले आणि तिथंही नावाशिवायच राहिले. ज्यांचं काही मिळालंच नाही, ते यादीत यायचे की नाही हे त्यांच्याबद्दल कुणी कधी काही लिहून ठेवलं यावर अवलंबून. ब्रिटिश राष्ट्रकुलाच्या युद्धसमाधी आयोगाकडे नागरिक मृतांची वही आहे, सदुसष्ट हजारांच्या आसपास नावांची, पण ती त्यांच्या त्यांच्या प्रजेची. डचांची युद्धसमाधी संस्था १९४६ साली निघाली. तिनं नेटानं काम केलं आहे, आजही करते. पण १९४६ पर्यंत ब्रूमच्या उपसागरात किती भरत्या येऊन गेल्या होत्या, ते आपल्याला मोजता येईल. आपण तिथंच होता.

एवढं वाचून आपल्याला वाटेल की ही बाई लांब बसून परमुलखाला नावं ठेवते आहे. तसं नाही. आमच्या मुंबईतही आपले जातभाई होऊन गेले.

१४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाज लागलेलं. पोटात कापसाच्या गासड्या, चौदाशे टन दारूगोळा, आणि सोनं. चारनंतर पहिला स्फोट, अर्ध्या तासानं दुसरा. पुष्कळांना वाटलं, जपान्यांनी बॉम्ब टाकले. सोनं होतं १२४ विटांचं, एकतीस पेट्यांत, पेटीला चार. प्रत्येक वीट साडेबारा किलोच्या वर. त्या विटा मुंबईवर पडल्या. एक तर पार लांब उडून एका पारशी गृहस्थाच्या व्हरांड्यात येऊन पडली. त्यांनी ती परत केली. (आपण हा परिच्छेद गाळून पुढे जाऊ शकता.) पुढे कित्येक वर्षं गोदीतला गाळ काढताना विटा मिळत राहिल्या आणि सरकारजमा होत राहिल्या.

माणसं किती मेली? आठशे ते तेराशे. म्हणजे पाचशे माणसांचा फरक आहे, आणि तो आजवर कुणाला भरून काढता आलेला नाही. मेलेल्या अग्निशामक जवानांचा आकडा पक्का आहे, ६६. ते नोकरीवर होते, हजेरीपटावर होते. गोदीत हमाली करणाऱ्यांची, मांडवी-मशीद बंदराच्या चाळींत भाड्याच्या खोलीत दहा-दहा जण झोपणाऱ्यांची, सातारा-कोकणातून नुकतीच आलेल्यांची हजेरी कुणी घेतली होती? ते गावी गेले असतील, असं मुंबईला वाटलं. ते मुंबईत असतील, असं गावाला वाटलं. बातमी छापायलाही महिनाभर बंदी होती. १२४ विटांमधली प्रत्येक वीट मात्र कुणाच्या ना कुणाच्या हिशेबात होती.

तेव्हा आम्ही आपल्याला शिकवावं अशी आमची लायकी नाही. एकाच शाळेतले आहोत.

हल्ला करणाऱ्यांचा हिशेबही, सांगून ठेवते, चोख आहे. जपानी नौदलाच्या हवाई तुकड्या रोजची नोंदवही ठेवत. त्या दिवशी किती विमानं निघाली, कोण चालवत होतं, किती परतली, हे तिथून कळतं. विंकेलच्या गोळ्यांनी मेलेल्या जपानी वैमानिकाचं नाव ओसामू कुदो. मारणारे माहीत आहेत, विमानं माहीत आहेत, हिरे माहीत आहेत. त्या दिवसाची कागदपत्रं वाचताना सगळ्यात धूसर दिसतात ती बोटीत बसून पेट्रोलची वाट पाहणारी माणसं.

आता कामाचं बोलते.

हिरे परत मागत नाही. ते आपणाला लखलाभ होवोत. इतक्या वर्षांत आपण ते विकले असतील, पोरींच्या लग्नात घातले असतील, किंवा कुठंतरी भिंतीत चिणून ठेवून जागा विसरला असाल. कंपनी राहिली नाही, वसाहत राहिली नाही, पौंडाचं ते मोलही राहिलं नाही. मला हवं आहे ते वेगळंच. आपण किनाऱ्यावर आलेल्या वस्तू उचलण्यात वाकबगार. त्या मार्चमध्ये रोबकच्या पाण्यावर नुसतं पेट्रोल तरंगत नव्हतं. पळून निघालेल्या बायांच्या पिशव्या, हातपेट्या, कागद, फोटो, मुलांचे कपडे असं बरंच काही बोटींत होतं. वादळी मोसमातले वारे आणि ती उधाणं, त्यांनी काही ना काही खारफुटीत नेऊन टाकलं असणार. शोध घेत फिरणाऱ्यांना चमकणाऱ्या वस्तू दिसल्या, याबद्दल त्यांना दोष देत नाही. पण समजा, हिऱ्यांबरोबर कुणी एखादी फुगलेली वही उचलली असेल. पासपोर्ट. बाप्तिस्म्याचा दाखला. आतल्या बाजूला मुलाचं नाव शिवलेला सदरा. आया शिवतात, प्रवासात कपडे हरवू नयेत म्हणून. पेटीच्या झाकणावर रंगानं लिहिलेलं आडनाव, अर्धंमुर्धं का असेना.

त्या कागदाला बाजारात कवडी येणार नाही. पण हेगमध्ये डच युद्धसमाधी संस्थेच्या दप्तरात एक ओळ रिकामी असेल, तिच्यापुढे तो ठेवता येईल. कॅराकाटातल्या एका दगडावर काही कोरता येईल. आणि 'किमान ८८' मध्ये एकाची भर पडली तर पडेल. पडू द्या, आकडा वाढला म्हणून आता कुणाची खुर्ची जाणार नाही. त्या सरकारातलं कुणी उरलेलं नाही.

तेव्हा घरातल्या जुन्या ट्रंका एकदा उघडाव्यात. माळ्यावर पाहावं. आजोबांनी 'याला हात लावू नका' म्हणून ठेवलेला एखादा पत्र्याचा डबा असेल तर त्याला हात लावावा. वर हिरे असतील ते बाजूला ठेवून खाली कागद आहे का बघावं. मिळाला तर हेगला पाठवावा. पाठवणाऱ्याचं नाव घालायची सक्ती नाही, निनावी पाकीट चालेल. निनावी राहण्यात आपला हात कुणी धरणार नाही.

पाकीट जड झालं आणि टपालखर्च झेपत नसेल, तर एखादा बारीकसा हिरा मोडावा.

कळावे. लोभ आहेच, वाढवू नये.

आपली,
एक मराठी वाचक